मळ लावायचं काम

"हात पुढे कर," दिग्दर्शक म्हणाला.

मी केला. वाटलं, स्पंज मागतोय. त्याने माझं मनगट धरलं, बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि माझा हात उचलून हिरॉइनच्या गालाशेजारी धरला. मग मान मागे घेऊन, एक डोळा बारीक करून बघितलं. साडीवर ब्लाउजपीस जुळतोय का ते दुकानात बघतात, तसं.

"हां. हा शेड. एक्झॅक्टली हा," तो कॅमेरामनला म्हणाला. "याच्यापेक्षा कमी नको, जास्त नको."

कॅमेरामनने मोबाइल काढून फोटो घेतला. माझ्या हाताचा. मनगटापासून कोपरापर्यंत. माझं तोंड त्यात आलं नाही.

लुक टेस्ट होती. खोलीत दहा-अकरा माणसं होती. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. हिरॉइन हसून म्हणाली, "ताई, कसला भारी टोन आहे तुमचा. लकी आहात."

लकी.

मी सिनेमात मेकअप करते. आधी केस करायचे, कारण आमच्या धंद्यात बायकांनी केस करायचे आणि तोंडं पुरुषांनी रंगवायची असा रिवाज होता. तो मोडला, तसं मी ब्रश हातात घेतला. कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं. या पिक्चरला मी पहिल्यांदा हेड होते. सुरुवातीच्या पाट्यांत माझं नाव एकटं येणार होतं, गर्दीत नाही. ते नाव मला हवं होतं. म्हणून त्या दिवशी मी हात मागे घेतला नाही. हे आधीच सांगून टाकते. मी काही पहिल्या झटक्यात पेटून उठलेली बाई नाही. मी बाही खाली केली आणि शेड मिसळायला बसले.

पिक्चर होता नायगावच्या चाळीतल्या एका दलित मुलीवर. मुलगी सोसते, शिकते, शेवटी व्यासपीठावर उभी राहून बोलते. ऑडिशनला आमच्या चाळीतल्या दोन पोरी गेल्या होत्या. एकांकिका स्पर्धांत बक्षिसं घेतलेल्या, बोलायला लागल्या की समोरचा गप्प बसेल अशा. दोघींना एकच उत्तर मिळालं. अभिनय उत्तम आहे, पण चेहरा लीडचा नाही. मग लीडचा चेहरा आणला गिरगावातून. आजोबा वकील, वडील डॉक्टर, कातडी अशी की बोट लावलं तर वळ उठावा. तिला आमच्यासारखी करायची होती. आमच्यातली घ्यायची नव्हती. आमच्यासारखी करायची होती.

दिग्दर्शक दादरचा, पार्काच्या बाजूला राहणारा. पुरोगामी. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, तोंडात सतत "शोषित". आमच्या जयंतीला येऊन भाषण करून गेलेला. आईने त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला होता आणि त्याने तो सगळ्यांच्या देखत, जरा जास्तच दाखवून, प्यायला होता. मला तेव्हाच खटकलं होतं. आमच्या घरात माणसं रोज चहा पितात. त्याचं कुणी प्रदर्शन करत नाही.

लुक टेस्टच्या दुसऱ्या दिवशी तो मॉनिटरसमोरून म्हणाला, "हिचे हात मनगटापासून कापल्यासारखे वाटतायत गं. तळवे पण डार्क कर."

मी म्हटलं, "सर, तळवे काळे नसतात."

"म्हणजे?"

मी माझा हात उलटा करून त्याच्यापुढे धरला. तळवा फिका, रेषा तपकिरी. जगातल्या कुठल्याही काळ्या माणसाचा असतो तसा. त्याने माझा तळवा बघितला. मग मॉनिटर बघितला. मग परत तळवा. कॅमेरामनही वाकून बघून गेला. दोघांनी जरा विचार केला आणि दिग्दर्शक म्हणाला, "हो, पण ते कॅमेऱ्यात खोटं वाटतं. कर डार्क."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझाच हात, आणि मलाच सांगत होते की तो असा नसतो. पन्नाशीला आलेला माणूस. आयुष्यभर यांच्या घरची भांडी आमच्या बायकांनी घासली, यांच्या ताटात पोळ्या वाढल्या, यांच्या बाळांना तेल लावलं. आणि याने एकदाही आमच्या हाताकडे बघितलेलं नव्हतं. मी हिरॉइनचे तळवे काळे केले. तेही केलं मी.

हे सगळं मला एवढं का झोंबतं, ते सांगायला आईकडे जावं लागेल.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते कॉटन ग्रीनला गोदामात हमाली करायला लागले. आई तेव्हा सिनेमात जायला लागली. सिनेमात म्हणजे गर्दीत. ज्युनिअर आर्टिस्ट हा शब्द नंतरचा, तेव्हा सरळ एक्स्ट्रा म्हणायचे. सकाळी माणसं पुरवणारा सप्लायर बायकांना रांगेत उभं करायचा आणि नजरेने वाटण्या करायचा. लग्नात, पार्टीत, विमानतळावर उभ्या करायच्या त्या "डिसेंट". मोर्चात, झोपडपट्टीत, प्रेताच्या मागे चालवायच्या त्या "बी क्लास". हे काही गुपित नव्हतं. मोठ्याने ओरडून सांगायचा. "डिसेंट इधर, बी क्लास उधर." आई घरातून निघायची ती गादीखाली घडी दाबून ठेवलेली साडी नेसून, अंबाडा घट्ट, पावडर लावून, मान ताठ. सप्लायर तिच्या साडीकडे बघायचाच नाही. तो रंग बघायचा. आई पंचवीस वर्षं बी क्लास होती.

मी नऊ वर्षांची असताना एका पिक्चरमध्ये शाळेचा झेंडावंदनाचा सीन होता. पोरं कमी पडली म्हणून आई मला घेऊन गेली. माझा स्वतःचा गणवेश होता, वेण्यांना रिबिनी होत्या. मी पळत जाऊन पहिल्या रांगेत उभी राहिले, कारण शाळेतही मी पहिल्याच रांगेत असायची, उंचीने कमी. कॅमेऱ्याजवळून एक असिस्टंट ओरडला, "ए, ती काळी पुढे कुणी उभी केली? मागे घ्या तिला. फ्रेम काळी होतेय."

फ्रेम म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. काळी कोण ते माहीत होतं. एका बाईने माझा दंड धरून मला शेवटच्या रांगेत नेलं. तिथून मला झेंडा दिसत नव्हता, पुढच्या पोराची मान दिसत होती. आई दहा पावलांवर उभी होती. तिने बघितलं. ती काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि ती जमिनीकडे बघत होती.

घरी येताना म्हणाली, "मागे उभं राहिलं तरी दिवस भरतो गो."

तिचा एक पिक्चर लालबागच्या थिएटरला लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. आमचा अख्खा मजला होता. लग्नाचा सीन होता आणि डिसेंट बायका कमी पडल्या म्हणून आईला एका खांबाच्या आडोशाला उभं केलं होतं. पडद्यावर तिचा फक्त कोपर आला. बांगड्या आणि कोपर. वडील उभे राहिले आणि त्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. "आमची बाई ती! आमची!" सगळा मजला टाळ्या वाजवत होता. बाकीच्या लोकांना कळेना, कुणाला टाळ्या. आम्ही किती हसलो होतो. वडील जाईपर्यंत तो किस्सा सांगायचे. मला आता त्याचं हसू येत नाही. पंचवीस वर्षांत बाईचा कोपर.

टीव्हीवर जुना काळा-पांढरा पिक्चर लागला की आई बोट दाखवायची. "ही बघ, ही आमच्यातली दाखवलीय." विहिरीपाशी घागर घेऊन उभी, पापण्या खाली, आणि दाखवलीय आमची पण रंगाने पिठासारखी. सोज्वळ. तिच्यावर वरच्या जातीतला भला पोरगा जीव टाकायचा, त्याचं मन किती मोठं ते सगळ्यांना दिसायचं, आणि शेवटी ती नदीत उडी मारायची किंवा त्याच्या पायाशी मरायची. त्याचं मोठेपण सिद्ध करायला आमची पोरगी मरायची. मग रंगीत पिक्चर आले आणि आमची जातच पडद्यावरून गेली. गरीब असायचे, पण कसले गरीब ते कुणी सांगायचं नाही. हिरो गिरणीत कामाला असला तरी आडनाव मात्र बघून घेतलेलं. काळा रंग उरला गुंडाच्या मागे उभं राहणाऱ्यांना आणि हिरॉइनच्या त्या मैत्रिणीला, जिच्यावर सगळ्यांनी हसायचं. मी त्या पिक्चरांवर वाढले. आरशासमोर उभी राहून तोंडाला डाळीचं पीठ घासत वाढले.

आणि मग आमच्यातल्याच काही पोरांनी कॅमेरा हातात घेतला. आपली भाषा, आपली माणसं, आपले रंग. थिएटरं भरली. लोक शिट्ट्या मारत होते ते कोपराला नाही, तोंडांना. मी त्या अंधारात रडले होते, आणि मी सहसा रडत नाही. बदललं नाही असं मी म्हणत नाही. बदललं. आता पडद्यावर जातीचं नाव घेतात, आमची पोरगी पुस्तक वाचताना दाखवतात, तिला मारून टाकत नाहीत. पण थिएटरं भरतात म्हटल्यावर बाकीच्यांनाही आम्ही आठवलो. आमचं दुःख चालायला लागलं. आमची गोष्ट पाहिजे, आमची चाळ पाहिजे, आमचा रंग डबीत भरून पाहिजे. फक्त आमचं तोंड नको. पूर्वी विहिरीपासून लांब ठेवायचे, आता आमच्याच गोष्टीपासून लांब ठेवतात.

शूटिंग आमच्याच चाळीत होतं. नायगावची ती इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. निम्मी बिऱ्हाडं गेलेली. आम्हीही काळाचौकीला भाड्याच्या खोलीत आलो होतो. ज्या मजल्यावर मी जन्मले, तिथे आर्ट डिपार्टमेंटच्या लोकांनी आठवडाभर काम केलं. भिंतींना काजळी फासली. पॅसेजमध्ये फाटक्या गोधड्या वाळत घातल्या. कोपऱ्यात कचरा आणून ओतला. विकत आणलेला कचरा. त्या पॅसेजमध्ये दर रविवारी बायका पाणी ओतून खराट्याने घासायच्या आणि कोण चपला घालून गेलं तर शिव्या खायचं. एकशेसाठ फुटांच्या खोलीत आम्ही सातजण राहिलो, पण तांबं-पितळ चिंचेने घासलेलं असायचं आणि भिंतीवरच्या दोन फोटोंना रोज कापड फिरायचं.

आमच्याकडे स्वच्छता ही हौस नव्हती. आईची आई रत्नागिरीकडच्या गावात होती. तिथे आमच्या बायकांनी धुतलेलं लुगडं नेसलं तर चालायचं नाही. लुगडं घोट्याच्या वर पाहिजे, मळकं पाहिजे, म्हणजे लांबूनच कळतं कोण येतंय. मग भिंतीवरच्या त्या दोन फोटोंतल्या कोटवाल्या माणसाने आमच्या बायकांना सांगितलं की मळकं नेसू नका, नीट नेसा, ताठ चाला. आजीने लुगडं धुतलं आणि घोट्यापर्यंत सोडलं. तिला त्यासाठी गावाने मारलं. मार खाऊन दुसऱ्या दिवशी तिने ते परत धुतलं. आईच्या गादीखालची साडी तिथून आलेली आहे.

आणि माझ्या मेकअपच्या टेबलावर एक डबा होता. मुलतानी माती, कोळशाची पूड, ग्लिसरीन. माझ्या असिस्टंटने त्यावर पट्टी चिकटवून लिहिलं होतं, मळ. रोज सकाळी हिरॉइनला आधी रंग लावायचा आणि वर मळ. मानेवर, कोपरांवर, नखांत. बारा दिवस मी तो लावला. संध्याकाळी ती व्हॅनिटीत बसून ओल्या रुमालांनी सगळं पुसून काढायची आणि गोरी होऊन घरी जायची. रुमालांचा ढीग मी उचलायचे.

तेराव्या दिवशी आईचा सीन होता.

दिग्दर्शकाला नळावरच्या सीनसाठी "खरे चेहरे" हवे होते. मीच आईचं नाव सुचवलं. आई सहासष्ट वर्षांची. गुडघे गेलेले. पण तिला एक वाक्य मिळणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा. क्लोज-अपमध्ये. वाक्य असं होतं की हिरॉइन हंडा उचलते आणि म्हातारी म्हणते, "आपल्या नशिबात हेच लिहिलंय पोरी."

आई पाच दिवस ते पाठ करत होती. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना. मध्येच थांबून म्हणायची, "आम्ही असं कधी बोलायचो नाय गो. नशीब-बिशीब आपल्यात कोण म्हणतं? दुसरं काय नाय का त्यांच्याकडे?"

"विचारू का त्यांना?"

"नको. वाक्य काढून घेतील."

त्या दिवशी ती पांढरी साडी नेसून आली, निळ्या काठाची, इस्त्रीची. अंबाडा, पावडर. आरशात मागून-पुढून बघून घेतलं. स्टुलावर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते आणि ती हलवत होती. इतकी खूश मी तिला वडील गेल्यानंतर बघितलं नव्हतं.

मॉनिटरमागून आवाज आला. "आजी फारच टापटीप दिसतायत. साडी बदला, ती फाटकीतली द्या. आणि मेकअप, जरा डाऊन कर गं त्यांना. मळ लाव. दात पण काळे कर."

मी त्याच्याजवळ गेले. ओरडून बोलायचं नव्हतं मला.

"सर, ती माझी आई आहे."

"माहितीय ना. म्हणून तर घेतलं. पण कॅरेक्टर वस्तीतलं आहे."

"ती याच चाळीत चाळीस वर्षं राहिली. अशीच राहिली."

"अगं, पण लोकांना पटायला नको?"

"कुठल्या लोकांना?"

तो वैतागला. घड्याळ बघितलं. "लाइट जातोय. लाव मळ."

मी परत आले. आईने ऐकलं होतं. पॅसेज लहान, सगळं ऐकू येतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. मग तिने डोळे मिटले आणि तोंड वर केलं.

"लाव गो," ती म्हणाली. "धुतलं की जातं."

माझ्या हातात स्पंज होता. मळात बुडवलेला. समोर आईचं तोंड, पावडर लावलेलं, सुरकुत्यांत थोडी पांढरी राहिलेली. कपाळावर गोंदण. मी स्पंज गालाच्या अगदी जवळ नेला. एवढा की तिला गार लागलं असावं, कारण तिची पापणी हलली. बारा दिवस मी हाच मळ परक्या पोरीला लावत होते आणि स्वतःला सांगत होते की धंदा आहे. तिथे मला कळलं की मी रोज कुणाच्या तोंडाला मळ लावत होते. गिरगावच्या पोरीच्या तोंडाला नव्हते लावत. ती तर घरी जाऊन धूत होती.

आजीने मार खाऊन जे धुतलं, ते मी परत फासत होते. माझ्या हाताने.

मी स्पंज डब्यात टाकला.

"नाही लावणार."

"काय?" दिग्दर्शक उठून आला.

"मळ नाही लावणार. आईलाही नाही, हिलाही नाही," मी शेजारी बसलेल्या हिरॉइनकडे बोट केलं.

"हिला म्हणजे? बारा दिवसांचं शूट झालंय. कंटिन्यूइटीचं काय?"

"ते तुम्ही बघा."

"हे बघ, तू पर्सनली घेतेयस."

"माझ्या आईचं तोंड आहे. कसं घेऊ?"

त्याचा आवाज चढला. "कुणासाठी करतोय मी हे सगळं? तुमच्याचसाठी ना? तुमच्या लोकांचं दुःख जगापुढे यावं म्हणून मी दोन वर्षं मरतोय!"

"आमच्या दुःखात घाण कुठे होती, ते दाखवा मला. याच मजल्यावर दाखवा. कचरा तुम्ही आणलाय. काजळी तुम्ही लावलीय. ही बाई तुम्हाला स्वच्छ दिसली आणि तुम्हाला ती खोटी वाटली. आम्ही स्वच्छ असलो की तुम्हाला आमची दया येत नाही. म्हणून मळ पाहिजे तुम्हाला."

हिरॉइन आपल्या काळ्या तळव्यांकडे बघत बसली होती. मला वाटलं, ती तरी बोलेल. वाईट मुलगी नव्हती. पण ती बसूनच राहिली. दिग्दर्शक शांत झाला आणि त्याचा तो शांतपणा मला ओरडण्यापेक्षा जास्त ओळखीचा वाटला. प्रॉडक्शनवाल्याला म्हणाला, "दोघींनाही मोकळं करा."

दोघींना. आईने काहीच केलं नव्हतं. ती अजून स्टुलावर बसलेली होती. मी तिचा हात धरून तिला उतरवलं. पायऱ्यांवर ती थांबून थांबून उतरत होती, प्रत्येक पायरीला दोन्ही पाय. खाली आल्यावर तिने हात सोडवून घेतला.

"माझं वाक्य होतं गो," ती म्हणाली. "तुला काय. माझं वाक्य होतं."

माझ्या स्वाभिमानाचा भुर्दंड तिने भरला, तिला न विचारता. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. नवव्या दिवशी, मी कपडे घड्या करत होते, तेव्हा मागून आली.

"तुला मागच्या रांगेत नेलं तेव्हा मी गप्प बसले. त्याचा राग हाय ना तुला?"

मी म्हटलं, "हो."

"असू दे," ती म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली.

पिक्चर आला. पाट्यांत माझं नाव कुठेच नव्हतं, रंग मात्र माझाच होता, अगदी तोच, कमी नाही, जास्त नाही. मी दादरला एकटी बघायला गेले. आई आली नाही. तिचं वाक्य रंगभूमीवरच्या एका नावाजलेल्या बाईने म्हटलं. फाटकं नेसून, दात काळे करून, नशीब या शब्दावर आवंढा गिळून. थिएटर हुंदके देत होतं. माझ्या शेजारची बाई रुमाल भिजवून बसली होती. मोत्याची कुडी, खांद्यावर शाल. नवऱ्याला म्हणत होती, "किती सोसलंय ना हो या लोकांनी."

दिवे लागले. ती उठली, माझ्याकडे वळली. डोळे अजून ओले. म्हणाली, "अहो बाई, तो ग्लास खाली पडलाय बघा आमचा. उचलून घ्या."

मी तिकीट काढून तिच्या शेजारी तीन तास बसले होते.

मी तिला तिकीट दाखवलं. तिचं तोंड पडलं, "सॉरी हं, मला वाटलं..." म्हणाली. काय वाटलं ते बोलली नाही. तिला काय वाटलं ते तिने नुकतंच पडद्यावर बघितलं होतं. आमच्यासाठी तीन तास रडून उठलेली बाई आणि पहिलं वाक्य हे. तो पिक्चर आमच्यासाठी नव्हताच. रडून हलकं वाटावं म्हणून त्यांनी त्यांच्यासाठी केला होता, आणि त्यात मी बारा दिवस हातभार लावला होता. बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले तेव्हा माझे कान तापले होते. त्या बाईपेक्षा मला माझाच जास्त राग आला होता. त्या बारा दिवसांचा.

मधे कामं तुटली. तोंडाळ आहे, राजकारण करते, असं माझ्याबद्दल पसरलं. वर्षभराने त्याच दिग्दर्शकाचा फोन आला. जुनं काही घडलंच नाही अशा आवाजात.

"नवीन फिल्म करतोय. कातकरी मुलीची गोष्ट. ऑथेंटिक करायचंय गं, तुझ्यासारखं कोण करणार?"

"मुलगी कोण करतेय?"

त्याने नाव सांगितलं. नाव ऐकूनच मला तिचा रंग दिसला.

"कातकरी पोरगी उभी करा," मी म्हटलं. "तिच्या कपाळावरचा घाम टिपायला मी येते. गोरीला काळी करायला येणार नाही. आणि हे आधी लेखी द्या."

"लेखी कशाला? माझा शब्द आहे."

"तुमच्या शब्दावर आमच्या तीन पिढ्या मागच्या रांगेत उभ्या आहेत."

"अशाने तुला कुणी काम देणार नाही."

"नाही तर नाही."

तेव्हापासून कुठल्याही कामाचा फोन आला की दिवस, तारखा बोलायच्या आधी मी ही अट लिहून पाठवते. तिघांनी उत्तर दिलं नाही. एकाने हसायचं चिन्ह पाठवलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींनाही मी ते लिहायला लावते. एक म्हणाली, "ताई, पोट कसं भरायचं?" बरोबर आहे तिचं. मी सध्या परळ-लालबागला लग्नातल्या नवऱ्या सजवते, हळदीला केस बांधते, पार्लरमध्ये भुवया कोरते. आणखी दहा वर्षं भुवया कोरीन. पण कुणाच्या तोंडावर आमचं तोंड चढवून देणार नाही, आणि आमच्या तोंडाला मळ लावू देणार नाही. ज्याला आमची गोष्ट पाहिजे त्याने आम्हाला पुढच्या रांगेत उभं करावं. नाहीतर कॅमेरा उचलून चालतं व्हावं.